तल्लफेचा नकाशा

उपचाराच्या बाविसाव्या दिवशी आर्या सिस्टरने नकाशा उघडला, तेव्हा सुवर्णाताई कणसे खुर्चीत पुढे सरकून बसल्या. आपल्याला मशेरीची तल्लफ कशाने येते, हे त्यांना न बघताच ठाऊक होतं. सकाळच्या चहाने, जेवणानंतरच्या जडपणाने, आणि मिरची कांडायच्या डंकावर तिचा नाकात जाणारा खाट उठला की. पस्तीस वर्षं दिवसातून पाच-सहा वेळा दातांवर मशेरी घासणाऱ्या बाईला एवढं तरी कळणारच.

पडद्यावर लहान-मोठी वर्तुळं उमटली. चहाचं होतं, हरभऱ्याएवढं. जेवणाचं लिंबाएवढं. मिरचीच्या खाटाचा तर पत्ताच नव्हता. मधोमध मात्र एक भलंमोठं लाल वर्तुळ होतं, बाकी सगळी मिळून त्यात मावली असती एवढं.

"हे काय गं?"

आर्या जरा घुटमळली. "ताई, हे दुपारी अडीचच्या सुमाराचं. बावीसपैकी एकोणीस दिवस. तुमची ही कानामागची कुडी कुणाचं बोलणं साठवून ठेवत नाही, पण लाट यायच्या आधी कानावर काय पडलं तेवढं टिपते. दर वेळी एकच आवाज आहे. कुणीतरी बाई 'सुवर्णे' म्हणून हाक मारतात."

सुवर्णाताईंनी त्या लाल वर्तुळावर बोट ठेवलं.

"शैलाक्का," त्या म्हणाल्या.

सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात २०४१ सालच्या जानेवारीत तोंडाच्या तपासणीचं शिबिर झालं होतं. सुवर्णाताई गेल्या त्या वेगळ्याच कारणाने. गावातल्या चौदा बायकांचा त्यांचा कांदा-लसूण चटणीचा गट होता, आणि प्रत्येक घाण्याची चव घ्यायचं काम त्यांचं. महिनाभर चटणी जिभेला लागली की गालाच्या आतून आग व्हायची. डॉक्टर तांबोळींनी गाल ताणून बॅटरीच्या उजेडात बघितलं. खालच्या हिरडीजवळ अंगठ्याच्या नखाएवढा पांढरा चट्टा होता. त्यातला कण तपासून आला.

"हा आज कर्करोग नाही," डॉक्टर म्हणाले. "पुढे होणार नाही, असं मी सांगू शकत नाही. मशेरी बंद केली तर असे बरेच चट्टे आपोआप मागे हटतात. चार महिने देऊ. नाही हटला तर कापून काढू, पण मग गाल आखडतो, तोंड पूर्वीसारखं उघडत नाही. खाण्याचं काम तुमचं, म्हणून सांगून ठेवतो."

त्याच दिवशी आर्या लोखंडे नावाच्या नर्सने त्यांच्या कानामागे कुडी बसवली. कानाच्या पाळीत घालायची नसली तरी मोत्याच्या कुडीएवढीच होती, म्हणून सगळे तिला कुडी म्हणत. तिच्याबरोबर दाढेवर चिकटवायचा तिळाएवढा एक ठिपका होता. तंबाखू तोंडात आली की लाळेतून तो ओळखायचा आणि कुडीला कळवायचा. बाकीचं काम कुडीचं.

ते काम आर्याने त्यांना सोप्या शब्दांत सांगितलं होतं. मशेरीतलं निकोटिन मेंदूला सुख देतं, हे जुनंच. पण मेंदू नुसता निकोटिनची वाट बघत बसत नाही. ते येणार असल्याची खूण शोधत असतो. एखादा वास, एखादी जागा, कुणाची चाहूल. खूण मिळाली की नाडीची चाल किंचित बदलते, कानामागच्या कातडीला अगदी पातळ ओलावा येतो. माणसाला 'आता लावावी' असं वाटायच्या तीन-चार मिनिटं आधी हे सुरू झालेलं असतं. कुडी तीच मिनिटं पकडायची.

पकडल्यावर ती उपदेश करत नसे. त्यामागे दुसरा शोध होता. तल्लफ चित्रावर जगते. डोळ्यांपुढे डबी येते, बोटाला लागलेली काळी पूड दिसते, तोंडात ती चव उतरते आणि मग हात आपोआप कनवटीला जातो. मेंदूचा चित्रं काढायचा फळा एकच असतो. त्यावर चार मिनिटं दुसरं चित्र काढायला लावलं की पहिलं पुसट होतं, आणि लाट ओसरते. म्हणून कुडी हाडातून कानात उतरणाऱ्या हलक्या आवाजात एखादं काम सांगायची. "सुवर्णाताई, लाट येतेय. तुमच्या माहेरची विहीर डोळ्यांपुढे आणा. वरून खाली पायऱ्या मोजा." किंवा, "लग्नातल्या शालूचा काठ कसा होता?"

पहिल्या बावीस दिवसांत चहाची मशेरी सुटली, संध्याकाळचीही. दुपारची मात्र सुटली नव्हती.

"सहा आठवडे त्यांच्यापासून जरा लांब राहता येईल का?" आर्याने विचारलं. "सगळ्यांना पहिला सल्ला हाच असतो."

"चहापासून लांब राहीन गं. आक्कापासून कशी राहू?"

शैलाक्का जगदाळे समोरच्या बोळात राहायच्या. वयाने चार वर्षांनी मोठ्या. सुवर्णाताई लग्न होऊन या गावात आल्या त्याच वर्षी, पहिलटकरीण असताना त्यांची दाढ ठणकायला लागली. गोळी घेता येईना. तेव्हा आक्कांनीच आपल्या डबीतली चिमूट त्यांच्या बोटावर ठेवली होती. "लाव. ठणका थांबतो." ठणका थांबला आणि सवय राहिली. त्यानंतर पस्तीस वर्षं दुपारी अडीच वाजता दोघी एका पायरीवर बसून मशेरी लावत. तोंडात पूड असताना बोलता येत नाही, म्हणून आधी गप्पा, मग मशेरी, मग चूळ भरून पुन्हा गप्पा. आक्कांचे यजमान आठ वर्षांपूर्वी गेले, मुलगा बडोद्याला नोकरीला. दुपारची ही बैठक मात्र कधी मोडली नाही.

घरी येऊन सुवर्णाताईंनी नवऱ्याला नकाशाचं सांगितलं. प्रतापराव एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. कुठल्याही यंत्राबद्दल त्यांना आदर होता.

"मग आक्काला खरं सांगून टाक," ते म्हणाले.

"काय सांगू? मशीन म्हणतंय, तू माझी तल्लफ हायस?"

"मशीन खोटं बोलत न्हाई."

"मशीनला काय जातंय बोलायला!"

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता बोळातून चपलांचा आवाज आला. "सुवर्णे, हायस का गं?" कुडी लगेच बोलली, "सुवर्णाताई, लाट येतेय." सुवर्णाताई स्वयंपाकघराच्या दारामागे उभ्या राहून विहिरीच्या पायऱ्या मोजत होत्या. प्रतापराव बाहेर गेले.

"ती डंकावर गेलीय, वहिनी."

"डंक तर आज बंद हाय. किल्ली माझ्याकडंच हाय की."

प्रतापरावांनी डोकं खाजवलं. आक्का तशाच परत फिरल्या. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले होते, चौथ्या दिवशी सुवर्णाताईंचं डोकं दुखत होतं. पाचव्या दिवशी हाक आलीच नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी मिरची कांडायची होती. डंकावर दोघी समोरासमोर आल्या. आक्कांनी नाकावरचा पदर खाली घेतला आणि सरळ विचारलं.

"परताप भावजींनी सांगितलं मला. मी तुझी तल्लफ व्हय?"

"आक्का, तसं न्हाई. ते यंत्र—"

"यंत्राचं सांगू नकोस. तीन दिवस तू दारामागं उभी होतीस, यंत्र न्हाई. तुझी पावलं दिसत होती मला खालून." आक्कांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पस्तीस वर्सांत मला लोक नाय नाय ते बोलले. पर कुणी रोग म्हणलं न्हाई."

"मी तुला रोग म्हणलं?"

"मग काय म्हणलीस?"

आक्का मिरचीचं पोतं तसंच ठेवून घरी गेल्या. त्यानंतर गटाच्या कामालाही त्या येईनात.

पुढचे तीन आठवडे कुडीच्या हिशेबाने फार चांगले गेले. दुपारची मशेरीही सुटली. दाढेवरच्या ठिपक्याने सलग वीस दिवस काहीच कळवलं नाही. आणि एक दिवस, नव्या चटणीचा पहिला घाणा जिभेवर ठेवल्याबरोबर सुवर्णाताई दचकल्या. मीठ. मिठाने तोंड भरून गेलं. त्यामागून लवंग आली, मग खोबऱ्याचा भाजका गोडवा, मग लसूण. एकेक चव स्वतंत्र, जशी ओळीने माणसं उभी असावीत तशी. मशेरीने जीभ कधी बधिर झाली होती ते कळलंच नव्हतं, आणि बधिर जिभेने त्या दर वर्षी मीठ वाढवत आल्या होत्या.

त्यांनी घरी जाऊन प्रतापरावांना बोटावर चटणी दिली. "खारट हाय का?"

"हाय की. दहा वर्सं हाय."

"मग बोलला का न्हाई?"

"बोललो होतो. तू म्हणालीस, तुमच्या तोंडाला चव न्हाई."

सुवर्णाताईंना इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. हसत हसतच त्या पायरीवर आल्या. हे आक्काला सांगायचं होतं, आक्का ऐकून मांडीवर थाप मारणार होत्या, "तरीच पाव्हणी तांब्याभर पाणी पितात गं!" म्हणणार होत्या. बोळ रिकामा होता. घड्याळात अडीच वाजले होते. कुडी गप्प होती. लाट नव्हतीच. सुवर्णाताई पायरीवर बसल्या आणि त्यांना वाटलं, या शांततेपेक्षा तल्लफ परवडली असती.

सोमवारी त्या आरोग्य केंद्रात गेल्या.

"माझी तल्लफ गेलीय का झोपलीय?" त्यांनी आर्याला विचारलं.

आर्याने खोटं सांगितलं नाही. "झोपलीय, ताई. मेंदूने आवाजाची आणि मशेरीची गाठ मारून ठेवलीय. आवाज आला पण मशेरी आली नाही, असं पुन्हा पुन्हा झालं तरच ती गाठ सैल होते. आवाजच टाळला तर गाठ जिथल्या तिथं राहते."

"मग टाळायला का सांगितलंस?"

"ते सोपं आहे म्हणून. आणि चट्टा थांबत नाही. आत्ता त्यांच्याशेजारी जाऊन बसलात, आणि त्यांनी समोर मशेरी लावली, तर पहिल्या आठवड्यातच परत सुरू होण्याची भीती खूप असते. तपासणीला दोन महिने राहिलेत."

सुवर्णाताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "दोन महिन्यांनी चट्टा गेला आणि आक्काबी गेली, तर मी त्या चांगल्या तोंडानं बोलू कुणाशी?"

आर्याने कुडीची एक मांडणी तेवढी बदलून दिली. आतापर्यंत चित्रं मनात काढायची होती, आता ती मोठ्याने सांगायची.

त्याच दुपारी सुवर्णाताई आक्कांच्या फाटकातून आत गेल्या. आक्का ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण, यंत्रवाली व्हय?"

"मी चुकले, आक्का. दारामागं उभी राहिले ते चुकलंच."

"हं."

"मला तुझ्यापाशी बसायचंय. मशेरी न लावता."

"आणि मी काय करू? आरती ओवाळू तुझी?" आक्कांनी कनवटीची डबी काढली, झाकण उघडून दोघींच्या मधे ठेवली आणि सुवर्णाताईंच्या डोळ्यांत बघितलं. "माझ्या घरात मी लावणार. बसायचं तर बस."

भाजलेल्या तंबाखूचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. हात मांडीवरून आपोआप उचलला गेला. कुडी बोलली, "सुवर्णाताई, मोठी लाट आहे. माहेरची विहीर. मोठ्याने सांगा."

सुवर्णाताईंनी डोळे मिटले. "विहीर... उसाच्या रानात हाय. काळ्या दगडाची. उजव्या अंगाला मोट चालायची ती जागा, तिथं आता चाफा हाय. पायऱ्या चौदा. पयली पायरी फुटकी—"

"सोळा," आक्का म्हणाल्या.

सुवर्णाताईंनी डोळे उघडले. "काय?"

"पायऱ्या सोळा हायत. तुझ्या पोरीच्या बारशाला आल्ते मी, धुणं घेऊन उतरले होते. दोन पाण्याखाली असत्यात, त्या तू मोजत न्हाईस."

"त्या कशा मोजायच्या? दिसत्यात कुठं?"

"दिसत न्हाईत म्हणून न्हाईत व्हय? उन्हाळ्यात कशावर बसून पाय धुवायचीस मग? आणि चाफा न्हाई तो, उंबर हाय."

"माझ्या माहेरात चाफा का उंबर ते मला ठावं न्हाई?"

"न्हाई ठावं. उंबराची फळं धुण्यावर पडली म्हणून तुझी आई ओरडली होती मला."

सुवर्णाताई थांबल्या. आई हातात कपड्यांचा पिळा घेऊन ओरडत होती, आणि कपड्यांवर तांबडे डाग होते. उंबरच होता. त्यांना ते स्पष्ट दिसलं. कुडीने हळूच सांगितलं, "लाट ओसरली." डबी मधे उघडीच होती. त्यात आक्कांनीही बोट घातलं नव्हतं. वाद घालण्याच्या नादात राहून गेलं होतं.

त्या दिवसापासून बैठक पुन्हा सुरू झाली, आता आक्कांच्या ओसरीवर. आक्का मशेरी आपली आपली लावत, कधी गप्पांच्या आधी, कधी नंतर. कुडीने विचारलेलं प्रत्येक चित्र आता दोघी मिळून काढत आणि त्यावर भांडत. जत्रेतला पाळणा कोणत्या रंगाचा होता, पहिल्या डंकाला पट्टा कुणी बसवला, प्रतापरावांनी लग्नात घातलेला कोट कुणाचा मागून आणलेला होता. कोटाच्या प्रश्नावर प्रतापरावांनाच बोलावून घ्यावं लागलं, आणि तो त्यांच्या साहेबाचा निघाला.

नवव्या दिवशी मात्र सुवर्णाताईंचा हात गेला. चटणीच्या मालावरून गटात कटकट झाली होती, डोकं तापलेलं होतं, डबी समोर होती. त्यांनी चिमूट उचलली आणि लावली. आक्का बघत राहिल्या. दाढेवरच्या ठिपक्याने ओळखलं असणार, हे दोघींनाही माहीत होतं. चूळ भरून आल्यावर सुवर्णाताई खाली मान घालून बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी कुडीचा आवाज आक्कांनाही ऐकू जावा म्हणून फोन मधे ठेवला.

"आज एकदा मशेरी लावली गेली," कुडी म्हणाली. "त्याआधी एकोणतीस दिवस लावली नव्हती, ते दिवस कुठे गेलेले नाहीत. पुढची लाट आली की मी आहेच."

आक्कांनी फोनकडे बघितलं. "एवढंच?"

"एवढंच."

"ओरडत न्हाई?"

"न्हाई."

आक्कांचे यजमान मशेरीवरून त्यांच्यावर ओरडत, मग सासू ओरडे, हल्ली मुलगा फोनवर ओरडतो. कुणी न ओरडता मोजतं, हे त्यांना नवीन होतं.

"मग मलापण एक लाव म्हणावं," त्या म्हणाल्या. "बगू तरी माझ्यात काय निघतंय."

आक्कांचा नकाशा बावीस दिवसांनी तयार झाला. तो ज्याचा त्यालाच दाखवतात, म्हणून आर्याच्या खोलीत त्या एकट्या गेल्या. सुवर्णाताई बाहेर बाकावर बसल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मनात थोड्या खूशही होत्या. आपण आक्कांचं लाल वर्तुळ असणार, याची त्यांना खात्री होती. फिट्टंफाट झाली की चिडवायला बरं.

आक्का बाहेर आल्या आणि थेट रिक्षाकडे निघाल्या. रिक्षात बसल्यावर सुवर्णाताईंनी कोपराने ढोसलं. "माझंच नाव निघालं न्हवं?"

"तुझंच."

"बघ! तू आल्याबरोबर मला, आणि मी आल्याबरोबर तुला."

"तू आल्यावर न्हाई," आक्का बाहेर बघत म्हणाल्या. "तू गेल्यावर."

रिक्षावाल्यासमोर त्या पुढे बोलल्या नाहीत. घरी पोचल्यावर ओसरीवर बसून त्यांनी सांगितलं.

"पाच वाजायला आले की तू उठतीस. चपला घालतीस. फाटकाची कडी लावतीस. ती कडी वाजली की माझ्या कानातलं बोलायला लागतं, आणि झोपेपर्यंत बोलतच राहतं. दिवसाला सहा येळा लावते मी. तुझ्यासंगट एकदा. बाकी पाच एकटीच. तुझ्यासंगटची ती चवीची गं. बाकीच्या पाच..." त्यांनी हात उडवला. "घरात आवाज न्हाई कशाचा. तोंडात काहीतरी असलं की बोलावं लागत न्हाई. न्हाईतर वाटतं, बोलायला पायजे आणि कुणाशी बोलावं."

पस्तीस वर्षं दोघी रोज बोलत होत्या. नवऱ्यांबद्दल, सुनांबद्दल, गर्भपिशवीबद्दल, मिरचीच्या भावाबद्दल. हे मात्र कधी आलं नव्हतं. आक्का जोरात हसणारी, जोरात भांडणारी बाई. तिचं घर पाचनंतर कसं असतं, हा विचार सुवर्णाताईंच्या मनाला शिवला नव्हता. त्या रोज कडी लावायच्या आणि वळूनही बघायच्या नाहीत, कारण चुलीवर आमटी ठेवायची असायची.

"मी येत नव्हते त्या महिन्यात?" त्यांनी विचारलं.

"डबी दोन दिवसांत संपायची."

आक्कांना रडणं आवडत नाही, म्हणून सुवर्णाताई लगेच उठल्या. "भाकरीचं पीठ कुठं ठेवतीस?"

"कशाला?"

"आज हितंच जेवतो आमी. यांना फोन करते, आमटीचं पातेलं घेऊन या म्हणावं."

प्रतापराव पातेलं घेऊन आले, आणि त्या दिवसापासून येतच राहिले. सुवर्णाताईंनी गटाच्या बायकांना विचारून चटणी भरायचं काम आक्कांच्या ओसरीवर आणलं. दुपारनंतर सहा-सात बायका तिथं पाकिटं भरत, शिंकत, एकमेकींच्या सुनांची गाऱ्हाणी सांगत. आठवड्यातले तीन दिवस कणसे नवरा-बायको तिथंच जेवत. बाकीच्या दिवशी आक्का त्यांच्याकडे. आर्याने हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, की कुडीच्या कामांच्या यादीत 'शेजारणीकडे जेवायला जा' असं काम नाहीये. "मग घाल की," सुवर्णाताई म्हणाल्या. आर्याने वरच्या कार्यालयाला तसं लिहून पाठवलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं, सूचना विचाराधीन आहे.

मे महिन्यात डॉक्टर तांबोळींनी पुन्हा गाल ताणला. बॅटरी डावीकडून धरली, उजवीकडून धरली. सुवर्णाताईंनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"मसुराएवढा राहिलाय," डॉक्टर म्हणाले. "कापायचं काम नाही. सहा महिन्यांनी या."

मग त्यांनी सोबत आलेल्या आक्कांनाही तोंड उघडायला लावलं. आक्कांच्या हिरड्या झिजलेल्या होत्या, पण चट्टा नव्हता. "किती वेळा लावता आता?"

"सकाळची एक. बाकी सुटल्या."

"ती पण सोडा."

"बगू," आक्का म्हणाल्या. "साठ वर्सांची बाई हाय मी, एकदम समदं झेपत न्हाई. तुमी आपलं बोलावत रावा."

डॉक्टर हसले आणि त्यांनाही सहा महिन्यांनंतरची तारीख दिली, सुवर्णाताईंचीच.

चटणीतलं मीठ सुवर्णाताईंनी निम्म्यावर आणलं. पहिल्या महिन्यात तक्रारी आल्या, जुनी चव राहिली नाही म्हणून. मग त्या थांबल्या आणि मागणी वाढली. सुवर्णाताई मात्र त्या तक्रारींनीच जास्त खूश होत्या. कुणाला तरी फरक कळतो, याचं त्यांना अप्रूप होतं.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी आक्कांच्या ओसरीवर जेवणं झाली. हवा गार झाली होती. प्रतापराव पोटावर हात ठेवून भिंतीला टेकले होते आणि जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होते. सुवर्णाताईंनी भांडी घासून पालथी घातली. आठ वाजत आले होते. उठावं असं त्यांना वाटत होतं, आणि रोजच्यासारखं उठवतही नव्हतं. चपला शोधण्यात त्यांनी उगाच वेळ काढला. गेल्या कित्येक महिन्यांत त्या आक्कांचा निरोप घेताना असाच वेळ काढत आल्या होत्या.

"सुवर्णे," आक्का आतून म्हणाल्या, "किती येळ चपला घालतीस? जा की आता. बडोद्याचा फोन यायचा हाय, नात मला तिची कविता म्हणून दाखवणार हाय. आणि भावजींना घेऊन जा आधी. त्या गिअरबॉक्सनं माझं डोकं उठलंय."

सुवर्णाताईंनी फाटक ओढलं, कडी लावली. बोळात दोन पावलं जाऊन त्या थांबल्या आणि कान देऊन उभ्या राहिल्या. आत फोन वाजला. मग आक्कांचा मोठा आवाज आला, "अगं, तोंड दाखव आधी! नुसतं कपाळ दिसतंय!"

"काय ऐकतीस?" प्रतापरावांनी विचारलं.

"काही न्हाई."

"अजून गेला न्हाईत व्हय?" आतून आक्का ओरडल्या. दोघं घाईघाईने घराकडे निघाली, आणि बोळ संपेपर्यंत सुवर्णाताई एकट्याच हसत होत्या.